दोन नॅनोसेकंद कोणी द्यायचे? स्विच ड्रायव्हरमध्ये पोर्टचा इंटरफेस मोड लावताना

तुझा प्रश्न आधी थोडक्यात मांडते, म्हणजे दुसऱ्या कोणी वाचलं तरी संदर्भ लागेल. बोर्डावर एक एआरएम प्रोसेसर आहे, त्याला एकच गिगाबिट मॅक (पॅकेट पाठवणारा-घेणारा भाग). तो मॅक आरजीएमआयआयने (दोन चिपांमधल्या समांतर तारांची जोडणी) स्विच चिपच्या पोर्ट ० ला जोडलाय. पोर्ट १ ते ४ चे फाय (केबलवरचा सिग्नल सांभाळणारे भाग) चिपच्या पोटातच आहेत, तिथून सरळ आरजे४५ जॅक. पोर्ट ५ ची सर्डिस लेन (एकामागून एक बिट पाठवणारी जोडणी) एसएफपीच्या केजकडे, म्हणजे बदलता येणारं मॉड्यूल घालायच्या खाचेकडे, गेली आहे. चिपबरोबर आलेला ड्रायव्हर जुन्या ‘अ‍ॅडजस्ट लिंक’ पद्धतीचा आहे आणि तो तू लिनक्सच्या डीएसए (स्विच चालवणारी चौकट) आणि फायलिंकवर (पोर्टचा मोड आणि लिंक सांभाळणारा भाग) आणतोयस. अडचणी दोन. सीपीयू पोर्टला दोन्ही टोकांना १०० एमबीपीएस फिक्स केलं तर पिंग चालतं, १००० केलं की एक पॅकेट धड येत नाही. आणि एसएफपीमध्ये फायबरचं मॉड्यूल घातलं तर लिंक लागते, तांब्याचं घातलं तर लागत नाही. “ताई, कुठल्या पोर्टला कुठला मोड लिहायचा आणि रजिस्टर नेमकं कुठल्या फंक्शनमधून लिहायचं?” असं तू विचारलंस.

शेवटच्या ओळीत तू लिहिलंयस की स्विचच्या पोर्ट ० वर आरजीएमआयआयचे चारही प्रकार (नुसता, आयडी, आरएक्सआयडी, टीएक्सआयडी) आलटून पालटून लावले, काहीच फरक पडला नाही. मला सगळ्यात जास्त काळजी त्या ओळीची वाटली. इंटरफेस मोड म्हणजे दोन चिपांच्या मध्ये कुठल्या तारा आहेत, त्यांवर काय धावतं आणि क्लॉकचा उशीर कोण देतं, याबद्दल तू कर्नलला दिलेला लेखी जबाब. चार वेगवेगळे जबाब देऊनही हार्डवेअर तसंच वागत असेल, तर तुझा जबाब हार्डवेअरपर्यंत पोचतच नाहीये. ही फार मोलाची माहिती आहे आणि ती तू ‘जमलं नाही’ म्हणून बाजूला टाकलीस.

म्हणून आधी कोड मिटव आणि स्किमॅटिक उघड. मी आजही नवीन बोर्ड हातात आला की एक कोरा कागद घेते आणि प्रत्येक पोर्टसाठी एक ओळ लिहिते: समोर काय आहे, मॅक की आतला फाय की बाहेरचा फाय की एसएफपी, कुठल्या पिना वापरल्यात, क्लॉक कोण देतं, रिसेट सुटताना स्ट्रॅपच्या पिना (ज्यांच्यावरून चिप सुरुवातीची मांडणी ठरवते) काय सांगतात, आणि स्ट्रॅपने ठरलेलं नंतर रजिस्टरमधून बदलता येतं का. हा शेवटचा रकाना लोक भरत नाहीत आणि नेमके तिथेच अडकतात. मार्व्हेलच्या ८८ई६ मालिकेतल्या बऱ्याच चिपांवर पोर्टचा मोड स्ट्रॅपने ठरतो आणि ड्रायव्हरला तो फक्त वाचता येतो. ८८ई६३९० च्या घराण्यात पोर्ट ९ आणि १० चा मोड मात्र लिहिताही येतो. क्वालकॉमच्या क्यूसीए८३३७ मध्ये आणखी एक गंमत आहे: आरजीएमआयआयच्या आरएक्स (घेण्याच्या) बाजूचा उशीर चालू करायचा बिट पोर्ट ५ च्या पॅड (पिनांच्या) रजिस्टरमध्ये बसलाय आणि तो सगळ्या पोर्टांना लागू होतो. तू पोर्ट ० च्या रजिस्टरमध्ये कितीही लिही, तिथे काही होणार नाही. डेटाशीट वाचल्याशिवाय हे अंदाजाने कोणालाही सुचणार नाही.

आता पहिली अडचण. आरजीएमआयआयला एकूण १२ तारा लागतात. प्रत्येक दिशेला चार डेटाच्या, एक कंट्रोलची आणि एक क्लॉकची. गिगाबिटला क्लॉक १२५ मेगाहर्ट्झचा आणि डेटा त्याच्या दोन्ही कडांवर बदलतो. म्हणजे क्लॉकचा पूर्ण फेरा ८ नॅनोसेकंदांचा आणि चार बिटांचा प्रत्येक तुकडा तारेवर टिकतो फक्त ४ नॅनोसेकंद. पाठवणाऱ्याने डेटा आणि क्लॉक एकाच क्षणी सोडले, तर घेणारा क्लॉकची कड बघून डेटा उचलायला जातो तेव्हा डेटा नेमका बदलत असतो. म्हणून क्लॉक सुमारे २ नॅनोसेकंद मागे सरकवायचा, म्हणजे कड डेटाच्या बरोबर मध्यावर येते.

रोज लोकलने येणाऱ्याला हे समजावणं सोपं आहे. शून्य उशीर म्हणजे गाडी फलाटाला लागतानाच दारात उडी मारणं. दोन नॅनोसेकंद म्हणजे गाडी थांबली आहे, आत पाऊल टाका. आणि दोन्ही टोकांनी दोन-दोन दिले तर झाले चार, म्हणजे गाडी पुन्हा हलली आहे आणि तू आता चढतोयस. पहिली आणि तिसरी अवस्था दोन्ही धोक्याच्या.

तुझं लक्षण तिसऱ्या अवस्थेशी जुळतं. १०० एमबीपीएसला क्लॉक २५ मेगाहर्ट्झवर येतो, फेरा ४० नॅनोसेकंदांचा होतो आणि त्यात ४ नॅनोसेकंदांचा उशीर कुठल्या कुठे विरून जातो. १००० ला तेच ४ नॅनोसेकंद म्हणजे अर्धा फेरा. शून्य उशिरावरही कधी कधी १०० चालून जातं, त्यामुळे एवढ्यावर मी पैज लावणार नाही. पण तू पाठवलेल्या स्किमॅटिकच्या पानावर स्विचच्या दोन स्ट्रॅप पिनांना ४.७ किलोओहमचे पुल-अप आहेत, आणि तू दिलेल्या पिनांच्या तक्त्याप्रमाणे त्या पिना पोर्ट ० चे आरएक्स आणि टीएक्स (पाठवण्याच्या बाजूचा) असे दोन्ही उशीर चालू करतात. म्हणजे वीज आल्याक्षणी स्विच दोन्ही दिशांना उशीर देतोच आहे. आणि डिव्हाइस ट्रीत (कर्नलला बोर्डाचं वर्णन देणाऱ्या फाइलमध्ये) प्रोसेसरच्या इथरनेट नोडमध्ये तू आरजीएमआयआय-आयडी, म्हणजे ‘उशीर चिपने आतून द्यायचा’, असं लिहून ठेवलंयस. त्या मॅकचा ड्रायव्हर ते वाचून स्वतःही उशीर देत असेल, तर हिशेब चारावर जातो.

मग स्विचकडे साधा आरजीएमआयआय लिहूनही फरक का पडला नाही? तुझं फंक्शन पाहिलं. त्यात आयडी असेल तर उशिराचे बिट ‘ऑर’ करून लावले आहेत, पण नसेल तेव्हा ते पुसलेले नाहीत. स्ट्रॅपने लागलेला बिट तसाच राहतो. हा दोष मी इतक्या ड्रायव्हरांत पाहिलाय की आता रिव्ह्यू करताना पहिली नजर तिथेच जाते. मोड लिहिताना त्या गटातले सगळे बिट आधी मास्कने पुसायचे, मग हवे तेवढे लावायचे. आरजीएमआयआय लावताना जुना एसजीएमआयआयचा (सर्डिसवर चालणाऱ्या मोडचा) बिट शिल्लक राहणं हाही त्यातलाच प्रकार.

उशीर कोणी द्यायचा, यावर कर्नलचं म्हणणं सरळ आहे. डिव्हाइस ट्रीतला फाय-मोड हा शब्द बोर्डाचं वर्णन करतो. नुसतं ‘आरजीएमआयआय’ म्हणजे उशीर बोर्डावरच्या तारांनीच दिलाय. क्लॉकची तार त्यासाठी सुमारे ३० सेंटीमीटर जास्त लांब, नागमोडी फिरवावी लागते, त्यामुळे आजकालच्या बोर्डांवर हे क्वचितच दिसतं. ‘आयडी’ म्हणजे तारांनी काही दिलेलं नाही, कुठल्या तरी चिपने आतून द्यायचाय. समोर फाय असेल तर तो फायने द्यावा आणि मॅकने गप्प बसावं, अशी पद्धत आहे. ‘आरएक्सआयडी’ आणि ‘टीएक्सआयडी’ मधल्या दिशाही फायच्या नजरेतून मोजायच्या.

तुझ्या पोर्ट ० वर फायच नाही, दोन मॅक समोरासमोर आहेत. इथे जुने ड्रायव्हर आपापल्या समजुतीने वागतात: कोणी स्वतःला फाय मानून उशीर देतं, कोणी देत नाही. म्हणून अशा पोर्टाला मी मोडच्या नावावर विसंबत नाही. डिव्हाइस ट्रीत ‘आरएक्स-इंटर्नल-डिले-पीएस’ आणि ‘टीएक्स-इंटर्नल-डिले-पीएस’ अशा दोन प्रॉपर्टी आहेत. त्यात पिकोसेकंदांत आकडा लिहायचा: २००० किंवा ०. तुझ्या ड्रायव्हरने त्या वाचाव्यात आणि रजिस्टरमध्ये नेमकं तेवढंच उतरवावं. माझा सल्ला असा की तुझ्या बोर्डावर दोन्ही दिशांचा उशीर स्विचनेच द्यावा, कारण स्ट्रॅप तेच सांगतायत आणि बूटलोडरलाही नेटवर्क लागतंच. प्रोसेसरच्या बाजूला शून्य. मात्र प्रोसेसरच्या मॅकचा ड्रायव्हर फाय-मोडवरून काय करतो ते त्याचा कोड उघडून वाच, नावावरून ठरवू नकोस.

दिशा वेगवेगळ्या तपास. दोन्ही दिशा एकदम बदलल्या की काय सुधारलं आणि काय बिघडलं ते कळत नाही. प्रोसेसरच्या इंटरफेसवर ‘इथटूल’ला ‘-एस’ लावून चालवलंस की प्रोसेसरच्या मॅकचे काउंटर दिसतात, आणि ड्रायव्हरने स्विचचे आकडे दिले असतील तर डीएसए त्याच यादीत सीपीयू पोर्टचेही काउंटर जोडतं, पुढे ‘पी००’ असं लावून. स्विचच्या सीपीयू पोर्टवर सीआरसीच्या चुका (पॅकेट वाटेत बिघडल्याच्या नोंदी) वाढत असतील तर प्रोसेसरकडून स्विचकडे जाणारी दिशा बिघडलेली. प्रोसेसरच्या आरएक्सवर वाढत असतील तर उलटी. दोन्हीकडे सीआरसी स्वच्छ आणि तरी पिंग नाही, तर मोडला हात लावू नकोस. तेव्हा डीएसएच्या टॅगकडे (पॅकेट कुठल्या पोर्टचं ते सांगणाऱ्या खुणेकडे) बघ.

स्कोप लावणार असशील तर एक लक्षात ठेव. पाठवणाऱ्या चिपने दिलेला उशीर पिनवर दिसतो. घेणाऱ्या चिपने स्वतःच्या आत दिलेला दिसत नाही. म्हणजे प्रोसेसरच्या आरएक्स पिनांजवळ पहिल्या चॅनेलवर क्लॉक आणि दुसऱ्यावर डेटाची शून्य क्रमांकाची तार घेतलीस आणि क्लॉकची कड डेटाच्या मध्यावर उभी दिसली, तर स्विचने आपलं काम केलंय. प्रोसेसरने त्यात आणखी भर घालू नये. ग्राउंडसाठी मगरीच्या चिमट्याची लांब वायर वापरू नकोस, प्रोबबरोबर येणारी छोटी स्प्रिंग वापर. लांब वायरीने कडा इतक्या लोळतात की दोन नॅनोसेकंदांवर भरवसा ठेवता येत नाही.

इथे एक अनुभव सांगते, कारण तुझ्या बोर्डावर तोच खड्डा मला समोर दिसतोय. अंधेरीच्या एमआयडीसीत एका कंपनीत होते तेव्हाची गोष्ट. आमचं बोर्ड महिनोनमहिने गिगाबिटवर व्यवस्थित चालत होतं. मग एका सहकाऱ्याने डिव्हाइस ट्रीत स्विचच्या रिसेट पिनची नोंद घातली, अगदी योग्य नोंद, आणि त्या दिवसापासून बोर्ड मुकं झालं. लिंक वर, दिवे लागलेले, पॅकेट शून्य. जुलै होता, बाहेर धो धो पाऊस, रुळांवर पाणी आल्यामुळे गाड्या बंद. आम्ही चौघं रात्रभर लॅबमध्येच राहिलो. पहाटे चारच्या सुमारास आम्ही दोन रजिस्टर डंप शेजारी शेजारी छापून पेन्सिलने एकेक ओळ ताडत बसलो होतो, आणि फरक सापडला तो फक्त दोन बिटांचा. उशिराचे ते दोन बिट आमचा ड्रायव्हर कधी लिहीतच नव्हता. बूटलोडर लिहायचा आणि लिनक्स ते आयते वापरायचं. रिसेटची नोंद आल्यावर ड्रायव्हरने सुरुवातीला चिप रिसेट केली आणि बूटलोडरचं लिखाण पुसलं गेलं. महिनोनमहिने जे ‘चालत’ होतं ते आमच्या ड्रायव्हरमुळे चालतच नव्हतं.

तेव्हापासून माझा एक नियम आहे आणि टीममध्ये मी तो सक्तीने पाळायला लावते: ड्रायव्हर तपासताना सुरुवातीला स्विच पूर्ण रिसेट करायचा, आणि एकदा बूटलोडरमधलं नेटवर्क बंद ठेवून बूट करायचं. तुझ्या बाबतीत स्ट्रॅपने लागलेले बिटसुद्धा असेच आयते आहेत. उद्या हार्डवेअरवाल्याने पुल-अप काढले तरी तुझा ड्रायव्हर चालला पाहिजे.

आता ‘कुठल्या फंक्शनमध्ये काय’ याकडे येते. जुन्या अ‍ॅडजस्ट लिंकमध्ये सगळं एकाच जागी कोंबलेलं असायचं: मोड, वेग, डुप्लेक्स, पॉझ (गर्दी झाली की समोरच्याला थांबवणं), लिंक वर की खाली. त्यामागे समजूत अशी की पोर्टचा मोड जन्मभर एकच राहणार. एसएफपीने ती समजूत मोडली, कारण मॉड्यूल बदललं की चालू मशीनवर मोड बदलतो. फायलिंक २०१७ साली ४.१४ कर्नलमध्ये आलं ते मुख्यतः या गरजेपोटी. डीएसएमधून अ‍ॅडजस्ट लिंकचा रस्ता आता काढूनच टाकला आहे, त्यामुळे तुझं हे स्थलांतर टाळण्यासारखं नव्हतंच.

फायलिंक तुला आधी विचारतं की या पोर्टला काय काय जमतं. ते ‘फायलिंक गेट कॅप्स’मध्ये सांगायचं. तुझ्या कोडमध्ये सगळ्या पोर्टांना एकच यादी दिलीयस, ती फोडून प्रत्येकाची वेगळी कर. पोर्ट ० साठी आरजीएमआयआयचे चारही प्रकार घाल, त्यासाठी कर्नलमध्ये तयार हेल्पर आहे. पोर्ट १ ते ४ साठी ‘इंटर्नल’, आणि त्याबरोबर ‘जीएमआयआय’सुद्धा. आतल्या फायला जीएमआयआय कशाला, असं वाटेल. डिव्हाइस ट्रीत त्या पोर्टांना फाय-मोड लिहिलेला नसला की फायलिबचा (कर्नलच्या फाय लायब्ररीचा) ठरलेला मोड जीएमआयआय असतो आणि फायलिंक तोच उचलतं. तुझ्या यादीत तो नसेल तर आतल्या चारही पोर्टांना जोडणी नाकारली जाईल आणि तू रजिस्टरांत दोष शोधत बसशील. मुख्य कर्नलमधल्या अनेक स्विच ड्रायव्हरांत नेमक्या याच कारणाची टीप देऊन ही ओळ घातलेली सापडेल.

पोर्ट ५ साठी १०००बेस-एक्स आणि एसजीएमआयआय दोन्ही. २५००बेस-एक्स फक्त लेन खरंच ३.१२५ गिगाबॉडवर चालू शकत असेल तरच. वेगांच्या यादीतही खोटं बोलू नकोस. गिगाबिटला हाफ डुप्लेक्स बहुतेक स्विचना जमत नाही, तरी जुन्या ड्रायव्हरमधून उचललेल्या यादीत ते हटकून येतं. ही यादी म्हणजे केबलच्या पलीकडच्या यंत्राला तू दिलेला शब्द असतो, कारण तिच्यावरूनच फायने काय जाहीर करायचं ते ठरतं.

‘मॅक कॉन्फिग’मध्ये फक्त मोड. पॅडचे बिट, आरजीएमआयआयचे उशीर, कुठला पीसीएस (सर्डिसवरचे बिट मांडणारा-वाचणारा भाग) जोडायचा त्याची निवड. वेग आणि डुप्लेक्स इथे वाचायचेच नाहीत. फंक्शनच्या हातात जी स्टेट येते तिच्यात ती नावं आहेत, म्हणून मोह होतो, पण त्या वेळी त्या किमतींवर भरवसा ठेवता येत नाही. हे फंक्शन एकाहून जास्त वेळा बोलावलं जातं, तेव्हा दहादा चालवलं तरी परिणाम एकच राहील असं लिही. बऱ्याच चिपांवर मोड किंवा उशीर बदलण्याआधी मॅक खाली पाडावा लागतो. तुझ्या चिपची ती अट असेल तर क्रम जप.

वेग, डुप्लेक्स, पॉझ हे सगळं ‘मॅक लिंक अप’मध्ये, तिथे मिळणाऱ्या आकड्यांवरून. ‘मॅक लिंक डाऊन’मध्ये पोर्ट बंद. तुझ्या सेटअप फंक्शनच्या शेवटी सीपीयू पोर्टला जबरदस्तीने १००० फुल आणि लिंक वर असं लिहिलेलं राहिलंय, ते काढ. त्या पोर्टला डिव्हाइस ट्रीत फाय-मोड आणि फिक्स्ड-लिंक दोन्ही लिहिलेले असतील तर फायलिंक तुला लिंक अप देईलच. पूर्वी या नोंदी नसल्या तरी ड्रायव्हर आपल्या मनाने सर्वोच्च वेग लावायचे आणि कर्नल चालवून घ्यायचं. ठराविक जुन्या चिपांना ती सूट अजून आहे, नव्या ड्रायव्हरला नाही.

बूट होताना फायलिंक प्रत्येक पोर्टासाठी एक ओळ छापतं, ‘कॉन्फिगरिंग फॉर फिक्स्ड/आरजीएमआयआय-आयडी लिंक मोड’ अशा धाटणीची. ती ओळ आणि तुझा कागद जुळवून बघ. इथेच जुळत नसेल तर पुढचं काही तपासण्यात अर्थ नाही.

दुसरी अडचण, तांब्याचं एसएफपी. १०००बेस-एक्स आणि एसजीएमआयआय या दोघांत लोकांची गल्लत होते, कारण तारेवर दोन्ही जुळ्या बहिणींसारख्या दिसतात: तोच १.२५ गिगाबॉडचा वेग, तेच ८बी/१०बी (८ बिटांचे १० करून पाठवण्याची पद्धत). स्कोपवर फरक कळणार नाही. फरक आहे तो सुरुवातीला एकमेकांना पाठवायच्या १६ बिटांच्या शब्दात. १०००बेस-एक्समध्ये दोन्ही बाजू बरोबरीच्या आणि त्या शब्दातून डुप्लेक्स आणि पॉझ ठरवतात. वेगाचा प्रश्नच नसतो, तो १००० च. एसजीएमआयआयमध्ये फाय सांगतो आणि मॅक ऐकतो: तांब्यावर लिंक आहे का, वेग १०, १०० की १०००, डुप्लेक्स कुठलं.

आता तुझ्या केजमध्ये काय घडतं ते बिट मोजून बघ. मॉड्यूलमधला फाय एसजीएमआयआयचा शब्द पाठवतो. त्यात १५ वा बिट ‘लिंक आहे’, १२ वा बिट फुल डुप्लेक्स, ११ आणि १० वेग, आणि शून्यावा बिट कायम १. तुझा पीसीएस १०००बेस-एक्समध्ये बसलाय. तो १५ वा बिट ‘अजून एक पान येतंय’ असा वाचतो, १२ वा ‘पलीकडे बिघाड’ असा वाचतो, आणि फुल डुप्लेक्ससाठी ५ वा बिट शोधतो तर तिथे शून्य. दोघांचं जमणार कसं? फायबरच्या मॉड्यूलमध्ये असा फाय नसतो, पलीकडचा पीसीएस थेट तुझ्या पीसीएसशी १०००बेस-एक्समध्येच बोलतो, म्हणून ते लागतं.

तुझ्या कोडमध्ये याच्याही आधी एक अडथळा आहे. तुझ्या त्या एकाच यादीत सर्डिसवर चालणारा मोड फक्त १०००बेस-एक्स असल्यामुळे फायलिंक पोर्ट ५ वर तांब्याचं मॉड्यूल नाकारतं. डीमेसेजमध्ये (कर्नलच्या नोंदींत) ‘अनसपोर्टेड एसएफपी मॉड्यूल’ अशी ओळ आली असणार, बघ. पण नुसता एसजीएमआयआयचा बिट यादीत घालून थांबलास तर मॉड्यूल स्वीकारलं जाईल आणि वर सांगितलेला शब्दांचा घोळ सुरू होईल. ‘पीसीएस कॉन्फिग’मध्ये मोडप्रमाणे तीन गोष्टी बदलायच्या: शब्द कुठल्या पद्धतीने वाचायचा तो बिट, आपण पाठवायचा शब्द, आणि लिंक टायमर. टायमर १०००बेस-एक्सला १० मिलिसेकंद, एसजीएमआयआयला १.६ मिलिसेकंद. फायलिंककडे हा आकडा देणारा हेल्पर आहे, स्वतः लिहू नकोस. शब्दाचा अर्थ लावायलाही तयार हेल्पर आहे, पीसीएसची रजिस्टरं नेहमीच्या क्लॉज २२ (फाय रजिस्टरांची प्रमाण मांडणी) सारखी असतील तर तोच वापर.

एसजीएमआयआय लागल्यावर १००० वर खूश होऊन थांबू नकोस. लॅपटॉपच्या बाजूने १०० आणि १० वर पाडून बघ. १०० ला एसजीएमआयआय प्रत्येक बाइट दहा वेळा पाठवतं, १० ला शंभर वेळा, आणि लेनचा वेग मात्र १.२५ गिगाबॉडच राहतो. पीसीएसला वेग कळला पण मॅकच्या रजिस्टरमध्ये १००० तसंच राहिलं, तर फक्त खालच्या वेगांना पॅकेट मरतात. ग्राहकाकडे जुना १०० चा प्रिंटर किंवा कॅमेरा लावला की हे उघडकीस येतं, लॅबमध्ये येत नाही.

मॉड्यूल तपासायला दोन-तीन वेगवेगळी घे. लॅमिंग्टन रोडला एक चक्कर मारलीस तर दुपारभरात मिळतील. आय२सी बसवर हेक्स ५० ला मॉड्यूलची ओळख असते, आणि तांब्याच्या बऱ्याच मॉड्यूलमध्ये हेक्स ५६ ला आतला फाय उत्तर देतो. फाय दिसला तर कर्नल त्याला एसजीएमआयआयवर आणू शकतं. काही मॉड्यूलमध्ये तो तिथे दिसतच नाही आणि मग यजमान बाजूचा मोड मॉड्यूल बनवणाऱ्याने ठरवला तोच. म्हणून एकाच मॉड्यूलवर लिंक लागली नाही तर लगेच ड्रायव्हरला दोष देऊ नकोस. डिव्हाइस ट्रीत या पोर्टाला ‘एसएफपी’चा दुवा आणि ‘मॅनेज्ड’ला ‘इन-बँड-स्टेटस’ हवं. तिथे फिक्स्ड-लिंक अजिबात नको.

या क्रमाने जा. आधी काही लिहू नकोस; रिसेटनंतर लगेच पोर्ट ० चं पॅड रजिस्टर वाच आणि स्ट्रॅपचे दोन बिट खरंच लागलेत का ते बघ. लागले असतील तर फक्त प्रोसेसरच्या बाजूचा उशीर काढ, स्विचला हात लावू नकोस, आणि १००० वर दोन्हीकडचे सीआरसी काउंटर बघ. ते स्वच्छ झाले की तुझ्या फंक्शनमध्ये मास्क दुरुस्त कर आणि दोन पीएस प्रॉपर्टी वाचायला लाव. मग उलटी परीक्षा: स्विचकडे ० लिही, प्रोसेसरकडे २०००, तरीही चाललं पाहिजे. चाललं तर ड्रायव्हर खरंच लिहितोय आणि पुसतोयही. एसएफपीकडे त्यानंतर वळ. दोन्ही परीक्षांचे रजिस्टर डंप मला पाठव, आधीचा आणि नंतरचा, शेजारी शेजारी.